शून्यांचा पराक्रम

मेमरी कमी पडली की लिनक्सचा कर्नल निवांत पडलेली पानं डिस्कवर हलवतो. हा झाला स्वॅप. झेडरॅम मात्र तीच पानं दाबून-चेपून पुन्हा रॅममध्येच ठेवतो. घरात जागा नाही म्हणून घरातच माळा काढायचा, हे पेठेत वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. नितीन गुप्तांनी 'कॉम्पकॅश' नावाने सुरू केलेलं हे काम 2014 साली 3.14 कर्नलमध्ये रीतसर दाखल झालं. अँड्रॉइड फोनांत ते सर्रास असतं. ते तपासायला कोथरूडहून कुणी यावं, अशी कुणाचीच मागणी नव्हती.

तरी मी घरच्या 8 जीबीच्या लॅपटॉपवर 8 जीबीचा झेडरॅम उभा केला, टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये, फाइल केली आणि ती शून्यांनी भरली. टीएमपीएफएसला निम्म्याच रॅमची मर्यादा असते. ती मी मोठ्या हुशारीने आधीच वाढवून ठेवली होती. आकडे बघतो तर काय, एवढं गिळून झेडरॅमने साधी ढेकरही दिलेली नाही! मी तडक टीम लीडबाईंना मीटिंग लावायला सांगितलं. सगळी शून्यंच असलेलं पान झेडरॅम चेपतच नाही, नुसती नोंद करून मोकळा होतो, हे त्याच्या आकडेवारीच्या, एमएम-स्टॅटच्या, सहाव्या रकान्यात स्वच्छ दिसत होतं. पण मी पहिल्या तीन रकान्यांवरच खूश.

मीटिंगमध्ये बाई म्हणाल्या, "शून्यं राहू देत, रँडम डेटा टाक बघू."

टाकला. रँडम डेटा चेपता येत नाही. 4 केबीचं पान 4 केबीचंच राहतं. पंखा बोंबलायला लागला, माउस गोठला आणि मेमरी संपली की प्रोसेस मारणारा ओओएम किलर तलवार उपसून आला. पण टीएमपीएफएसमधली फाइल कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसते. म्हणजे गुन्हेगार सुरक्षित, बाकीच्यांची कत्तल. त्यात ब्राउझर आपले टॅब स्वतःहून बळीच्या रांगेत पुढे उभे करतो. पहिली गेली मीटिंग. मग टर्मिनल. मग अख्खा डेस्कटॉप. फाइल ठणठणीत.

पुढे खराखुरा मजकूर हवा म्हणून बाबांकडून सोसायटीची इतिवृत्तं मागून घेतली. ते सेक्रेटरी आहेत. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि त्यातला पहिला बाइट दर वेळी तोच. शिवाय लिफ्ट, पाणी, पार्किंग, पुन्हा लिफ्ट. झकास चेपली.

"बाबा, तुमची इतिवृत्तं एक तृतीयांशात बसली!"

बाबांनी चष्मा काढला. "तिसऱ्या मजल्यावाल्यांचा पार्किंगचा मुद्दा गाळलास की काय? ते कोर्टात जायला टपलेत."