दोन तोंडांची नळी

इंग्लंडात भाड्याने घर घेणाऱ्या मराठी माणसाला पहिला धक्का भाड्याच्या आकड्याने बसतो आणि दुसरा न्हाणीघरात. पांढराशुभ्र, माणूस आडवा मावेल एवढा टब. त्याच्या एका टोकाला दोन नळ. एकातून पोळणारं पाणी, दुसऱ्यातून गोठवणारं, आणि त्यांची गाठ पडायची ती थेट टबाच्या तळाशी. भिंतीवर शॉवरचा पत्ता नाही. जुन्या घरांचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटांत हा थाट अजूनही भेटतो. अशा टबाला शॉवर जोडायचा कसा, यावर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि वीस वर्षांपूर्वी हॅरोत स्थायिक झालेले मामा, सगळे हिरिरीने बोलतात. माझ्या मते यात पहिला सल्ला वकिलाचा घ्यावा. तो घेतला की एकच उपाय शिल्लक राहतो : दोन नळांवर दोन रबरी टोप्या चढवायची ती स्वस्तातली नळी, जिला वरचे सगळे हसतात.

आधी मालकाची बाजू. १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं अकरावं कलम मालकाला बजावतं की बेसिन, सिंक, टब आणि संडास दुरुस्त ठेवा. त्या यादीत शॉवरचं नाव नाही. शिवाय आहे ते चालू ठेवणं वेगळं आणि नाही ते आणून देणं वेगळं, हा भेद इंग्रज न्यायाधीशांनी फार मायेने जपलेला आहे. म्हणजे शॉवर हवा तर खर्च तुमचा. आता बसवलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते पाहा. १९९६ साली लंडनमधल्या एका फ्लॅटवरून बँक आणि कर्जदार यांचं भांडण अपील न्यायालयात गेलं. घराबरोबर काय जातं आणि कर्जदाराचं काय राहतं, हे ठरवताना विद्वान न्यायमूर्तींना शंभरावर वस्तूंच्या यादीत लक्ष घालावं लागलं. गालिचे, पडदे कर्जदाराचे ठरले. नळ, त्यांची बुचं, शॉवरचं मुंडकं, टॉवेलची दांडी, साबणदाणी, इतकंच काय, संडासातल्या कागदाच्या गुंडाळीचा धारक, हे सगळं घराचाच भाग ठरलं. साम्राज्य गेलं, पण साबणदाणीवरचा हक्क सुटला नाही.

यावर कायदा जाणणारा म्हणेल, भाडेकरूने स्वतः बसवलेल्या काही घरगुती वस्तू मुदत संपण्याआधी, घराची मोडतोड न करता, काढून न्यायची मुभा आहे की! आहे. पण शॉवर काढून नेता येतो, त्याची भोकं नेता येत नाहीत. ती टाइल्समध्ये राहतात. घर घेताना एजंटाने काढलेल्या फोटोंत ती नसतात, सोडताना काढलेल्या फोटोंत मात्र ठळक दिसतात. इंग्लंडात २०१९च्या कायद्याने डिपॉझिटवर साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, हे खरं. पण पाच आठवड्यांचं लंडनचं भाडं ही काही भोकांपायी सोडून द्यायची रक्कम नव्हे.

इलेक्ट्रिक शॉवरची कथा तर याहून भारी. हे यंत्र साडेआठ-दहा किलोवॅट वीज खातं, म्हणजे तीन चहाच्या किटल्या एकदम लावल्यासारखं. त्याला फ्यूज बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी, स्वतंत्र सर्किट हवं, आणि न्हाणीघरात नवं सर्किट टाकायचं तर ते रीतसर नोंदवावं लागतं. लेखी परवानगी मालकाची, पैसे तुमचे, आणि वर्षभराने ‘फ्लॅटला आता इलेक्ट्रिक शॉवर आहे’ म्हणून भाडं वाढवण्याचा मोह पुन्हा मालकाचाच. नळ बदलून शॉवरची फांदी असलेला मिक्सर बसवणं त्यामानाने सोपं, पण जुने नळ जपून ठेवून निघताना परत लावावे लागतात. चाळीस वर्षं न हललेली नळाची चक्की दोनदा फिरवण्याचं धाडस ज्याला करायचं असेल त्याने खुशाल करावं.

राहिली आपली रबरी नळी. तिच्यावरचा पहिला आक्षेप, ती निसटते. खरं आहे, आणि साबण डोळ्यांत गेलेला असतानाच निसटते. कारण दाबात आहे. जुन्या पद्धतीच्या घरात थंड पाणी थेट रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून जोराने येतं, गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीच्या उंचीवर जगतं. दहा मीटर उंचीला एक बार दाब, तेव्हा दोन मीटर वरच्या टाकीला जेमतेम ०.२ बार मिळतो. एक दांडगा आणि एक मवाळ अशा दोघांना एकाच नळीत घातलं की मवाळ मागे ढकलला जातो. उपाय साधा : आधी गरम पूर्ण सोडायचं, मग थंड जपून, हळूहळू. दुसरा आक्षेप प्लंबरचा आणि तो गंभीर आहे. नळीचं तोंड भरलेल्या टबात बुडालेलं राहिलं, तर वापरलेलं पाणी उलट ओढलं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं. म्हणून अंघोळ झाली की नळी काढून खुंटीला टांगावी. हा मला दोष वाटतच नाही. रोज निघणारी वस्तू घराचा भाग आहे, असं कुठलं न्यायालय म्हणेल?

आता पुण्याहून फोनवर येणारा आक्षेप : एवढा खटाटोप कशाला, बादली आणि तांब्या घे की! मलाही हा विचार आवडतो. पण इंग्रज न्हाणीघराला मोरी नसते. ज्या देशात बारा महिने पाऊस, तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीतून पाणी जायला वाट नाही. कुठे कुठे तर खाली चक्क गालिचा! त्यामुळे बादली टबात, बादलीशेजारी आपण उकिडवे, आणि तांब्या सांडला बाहेर की खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल. नळीने उभं राहून, निदान मान ताठ ठेवून अंघोळ होते. पडदा मात्र लावावाच लागतो आणि तो पायांना चिकटतोच. तो तसा आत का ओढला जातो, याचं उत्तर अमेरिकेतल्या डेव्हिड श्मिट या प्राध्यापकांनी संगणकावर शोधलं : फवाऱ्यामुळे हवेत आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्याशी दाब कमी असतो. या शोधाला २००१चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. पडदा अजून चिकटतो. त्याची दांडी भोक न पाडता दोन भिंतींत ताणून बसवायची मिळते, तीच घ्या.

आणि नळी आणायला जाण्याआधी नळाचं तोंड नीट पाहा. ते गोल असेल तरच रबरी टोपी बसते. चौकोनी नळावर ती टिकत नाही.