सरांची तक्रार सरांकडेच?

२३ ऑक्टोबर २०२५. महिला क्रिकेट विश्वचषकासाठी इंदूरला आलेल्या दोन ऑस्ट्रेलियन खेळाडू सकाळी हॉटेलातून जवळच्या कॅफेकडे पायी निघाल्या. खजराना रोडवर मोटरसायकलवरच्या एकाने त्यांची छेड काढली. त्यांनी तिथूनच संघाच्या सुरक्षा व्यवस्थापकाला मदतीचा संदेश पाठवला. त्याने गाडी धाडली, एमआयजी ठाण्यात तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी आरोपी अटकेत होता.

मग आमच्या शहराचे आमदार आणि राज्याचे मंत्री कैलाश विजयवर्गीय बोलले. खेळाडूंनी कुणाला न सांगता बाहेर पडायला नको होतं, त्यांनाही यातून धडा मिळाला, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. दिवसाढवळ्या रस्त्याने चालणाऱ्या बाईने कसला धडा घ्यायचा? तो शहराने घ्यायचा असतो. मंत्र्यांचे शब्द मला इंदूरकर म्हणून लागले.

त्या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. त्या दोघींचा संघ त्याच क्षणी त्यांच्या मागे उभा राहिला. सामना दोन दिवसांवर होता म्हणून तक्रार अडली नाही. २५ तारखेला होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने दक्षिण आफ्रिकेचा डाव ९७ धावांत गुंडाळला. तक्रारीमुळे संघाचं काहीही बिघडलं नाही.

आता याच शहरातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेली कबड्डीची एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिचं सिलेक्शन करणारे सर, फॉर्मवर सही करणारे सर, रेल्वेत शेजारच्या बर्थवर असणारे सर, मुक्कामाच्या खोल्या वाटणारेही सरच. ज्या प्रमाणपत्रावर पुढे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी मिळू शकते, तेही त्यांच्याच हातून येतं. या सरांचा हात नको तिथे गेला, तर तिने जायचं कुणाकडे? मैत्रिणी सांगतात, आधी सिलेक्शन होऊ दे. सीनियर सांगते, सर तसेच आहेत, तू लांब राहा. प्राचार्यांना कॉलेजच्या नावाची काळजी. घरी सांगावं, तर दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद. गुन्हा सरांचा आणि खेळ सुटतो तिचा. हे घरात कळत नाही असं नाही, पण लोक काय म्हणतील याची धास्ती मोठी असते. म्हणून मुलगी गप्प बसते, त्या गप्प बसण्याला आपण शिस्त म्हणतो आणि सर पुढच्या बॅचची वाट पाहतात.

तोंड उघडणारीचं काय होतं, ते या देशाने पाहिलं आहे. १९९० मध्ये चौदा वर्षांच्या टेनिसपटू रुचिका गिऱ्होत्राने हरियाणा टेनिस संघटनेचे अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. शाळेने काढलं ते रुचिकालाच. १९९३ मध्ये तिने जीव दिला. राठोड दोषी ठरायला २००९ साल उजाडलं, आणि पहिली शिक्षा किती, तर सहा महिने.

२०२३ मध्ये ऑलिंपिक पदकं गळ्यात असलेल्या कुस्तीगीरांना न्याय मागायला जंतरमंतरवर बसावं लागलं. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह आपल्यावरचे लैंगिक छळाचे आरोप नाकारतात. दिल्लीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांच्यावर आरोप निश्चित केले. त्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यांच्या निकटवर्तीयाची अध्यक्षपदी निवड झाली आणि त्या कुस्तीगीरांतल्या साक्षी मलिकने बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. पदकवालीची ही गत, तर आमच्या कबड्डीवालीने काय आशा ठेवायची? भारतीय क्रीडा प्राधिकरणात २०१० पासूनच्या दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी आल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. न आलेल्या तक्रारी कोण मोजणार?

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातही तक्रार अशीच आतल्या आत दबली. फुटबॉल संघाच्या माजी सहायक प्रशिक्षकाने लहान मुलांवर अत्याचार केले, ते सगळे मुलगे. २००१ मध्ये गोष्ट मुख्य प्रशिक्षकांपर्यंत आणि तिथून वरिष्ठांपर्यंत गेली, पोलिसांपर्यंत गेलीच नाही. २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षकांना काढलं, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. प्रशिक्षकांसाठी. ज्या मुलांवर अत्याचार झाले होते, त्यांनी ते पाहून काय समजायचं?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि स्टेडियम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत कॅम्पस म्हणजे नुसतं आवार नाही. प्रवास, शिबिर आणि क्रीडास्पर्धेची जागाही त्यात धरली आहे. म्हणजे रेल्वेतला तो बर्थही कॅम्पसच. प्राचार्य आणि विभागप्रमुख तक्रार समितीवर बसू शकत नाहीत, विद्यार्थ्यांच्या तक्रारीत विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. हे सगळं छापलेलं आहे. मैदानावर सराव करणाऱ्या मुलींना विचारा, समितीवर कोण कोण आहे?

इंदूरच्या प्रत्येक प्राचार्याकडे माझी मागणी साधी आहे. पुढच्या स्पर्धेला संघ निघण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या मोबाइलमध्ये समितीवरच्या दोन माणसांचे नंबर असले पाहिजेत, आणि त्या दोघांचा सिलेक्शनशी काडीचाही संबंध नसावा. मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर हवी, आणि तिची नेमणूक सरांनी करायची नाही. तक्रार झाली तर चौकशी संपेपर्यंत मैदानाबाहेर सर राहतील. मुलगी खेळेल.