दावं सोडायचं राहिलं

लूप शिकता शिकता मी नगर जिल्ह्यात पंधरावा तालुका काढला. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. विभाजन करा म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं चालू आहेत, नव्या जिल्ह्याचं ठिकाण संगमनेर की श्रीरामपूर यावर चहा गार होतोय, आणि मी एका रात्रीत नकाशा बदलून मोकळा! झालं असं की मी तालुक्यांची यादी छापत होतो, आणि पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शून्यापासून मोजते. अकोले शून्यावर, म्हणजे चौदावं जामखेड तेरावर. मी लिहिलं, 'चौदापर्यंत जा.' ती गेली. जामखेडच्या खाली एक कोरी ओळ, आणि तिच्यावर इंग्रजीत दटावणी.

एवढ्या भांडवलावर मी गावच्या दूध डेअरीचं काम अंगावर घेतलं. माझा राहुरीत कॉम्प्युटरचा छोटासा क्लास. चेअरमन मला लहानपणापासून ओळखतात, तरी त्यांनी काम दिलं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा: लिटर, फॅट, एसएनएफ, भाव, त्यातून सरकी पेंड आणि उचल वजा. सभासद सत्त्याऐंशी. हे सगळं लूपचंच काम.

लूप म्हणजे काय ते मी सेक्रेटरींना समजावलं होतं. वटपौर्णिमेला वडाला सात फेरे, मोजून, ते 'फॉर'. किटलीत दूध आहे तोवर माप भरत राहायचं, ते 'व्हाइल'. आणि पंगतीतला वाढपी कधी पानं मोजतो का? समोर पान दिसलं की वाढतो, संपली की थांबतो, ते 'फॉरईच'. सेक्रेटरी म्हणाले, "मग वाढप्याच बरा." माणूस चौथी शिकलेला, पण त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

मी 'व्हाइल'ने सुरुवात केली. सकाळच्या दुधाचा मेसेज प्रत्येकाच्या मोबाइलवर जायचा होता. 'सभासद शिल्लक आहेत तोवर पाठव' हे लिहिलं; 'आता पुढच्या सभासदाकडे जा' ही ओळ राहिली. ब्राउझरमधून चालवलं असतं तर पीएचपीने तीस सेकंदांत मान धरून थांबवलं असतं. तेवढी मुदत तिच्यात मुळातच घातलेली असते. पण मी हुशार! पहाटे आपोआप चालावं म्हणून कमांड लाइनवर लावलं, आणि तिथे मुदतच नसते. कोड नंबर एक म्हणजे चेअरमन. 'आपले दूध 8.4 लिटर, फॅट 3.8' हा मजकूर त्यांना मेसेजचं पॅक संपेपर्यंत येत राहिला. पॅक दोन हजारांचं होतं. चेअरमन रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळा, एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं."

मग मी वाढप्या धरला, आणि खरी अब्रू तिथे गेली.

पगारपत्रकाला दोन फेऱ्या लागायच्या. पहिलीत प्रत्येकाच्या बिलातून पेंड आणि उचल वजा करायची, दुसरीत यादी छापायची. नुसत्या 'फॉरईच'मध्ये हातात येते ती नोंदीची नक्कल. तिच्यातून कितीही वजा केलं तरी मूळ बिल जसंच्या तसं. म्हणून अँपरसँड नावाचं एक वेटोळं चिन्ह लावतात, मग कोडमधलं ते नाव, म्हणजे व्हेरिएबल, थेट मूळ नोंदीला बांधलं जातं. ते मी लावलं, कपात झाली. दुसऱ्या फेरीत तेच नाव वापरून यादी छापली आणि नोटीस बोर्डावर लावली.

शेवटचा कोड सत्त्याऐंशी, म्हणजे माझी सख्खी आत्या. दारात एकच गाय. शहाऐंशी नंबर चेअरमनचे मेव्हणे. बारा संकरित गायी, नुकतेच दुसऱ्या डेअरीतून आलेले. यादीत मेव्हण्यांचं नाव दोनदा, दोन्ही वेळा अडतीस हजार चारशे. आत्या नाही.

दुपारपर्यंत पारावर निकाल लागला. "मशीन नवं आहे, पण माणसं ओळखतंय." आत्या दारात येऊन म्हणाली, "काय रं, माझी गाय आटली का मी मेले?" चेअरमनच्या विरोधी गटाने मला चहाला बोलावलं. आपल्या जिल्ह्यात सहकाराचं बी प्रवरानगरच्या कारखान्यापासून रुजलेलं. संस्थेतली चूक ही चूक असते यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

मी डेटाबेसला दोष दिला, मग सेक्रेटरींच्या टायपिंगला, मग मराठी फॉन्टला. शेवटी तपासायला म्हणून यादीच्या तळाशी अठ्ठ्याऐंशीवा सभासद घातला: मी स्वतः. छापून पाहिलं. मेव्हणे एकदाच. आत्या हजर, पण दोनदा. आणि मी गायब. ती यादी सेक्रेटरींनी बोर्डावर लावण्याआधी मी हिसकावून घेतली, नाहीतर पारावर पुढचा निकाल माझ्या नात्यावरून लागला असता.

दोष रात्री दोनला सापडला. पहिली फेरी संपली तरी ते नाव शेवटच्या नोंदीला बांधलेलंच राहतं. दुसऱ्या फेरीत तेच नाव वापरलं की प्रत्येक सभासद येताना आधी आत्याच्या जागेवर लिहिला जातो: पहिला, दुसरा, तिसरा, करत करत शहाऐंशीवा. आत्याची पाळी येते तेव्हा तिच्या जागी मेव्हणे बसलेले असतात. धार काढून झाल्यावर दावं सोडायचं राहिलं, इतकंच. ते सोडायला 'अनसेट' अशी एक ओळ लागते.

रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने 1994 साली आपल्या वेबवरच्या बायोडेटाला किती जण भेट देतात ते मोजायला पीएचपीची पहिली हत्यारं केली. 'फॉरईच' आलं 2000 साली पीएचपी 4 मध्ये, आणि त्याला वेटोळं लावायची सोय पुढे पीएचपी 5 मध्ये. 'बांधलेलं सोडा' हा इशारा पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत 'फॉरईच'च्याच पानावर ठळकपणे दिलेला आहे. म्हणजे माझ्यासारखे जगभर बरेच असणार. पुस्तिका मी उघडली होती. उदाहरण उतरवून घेतलं आणि बंद केली.

आता त्या ओळीच्या वर मी मराठीत शेरा लिहून ठेवलाय: 'दावं सोड.' आत्याचे दोन हजार चारशे बारा रुपये मी स्वतः घरी नेऊन दिले. तिने ते दोनदा मोजले.