वीज पडली शिंप्यावर

माझ्या पँटचं कापड गणपतीच्या आधीपासून आमच्या शिंप्याकडे पडून आहे. ‘बुधवारी नक्की’ हे तो इतक्या मायेनं म्हणतो, की कोणत्या बुधवारी, असं विचारायला जीभ रेटत नाही. अशा मनःस्थितीत मी ‘मिन्नल मुरली’ पाहिला. तेव्हा पुढच्या मजकुरात नि:पक्षपातीपणा शोधू नये.

बेसिल जोसेफचा हा मल्याळम सिनेमा २०२१च्या नाताळच्या आदल्या दिवशी नेटफ्लिक्सवर आला. टोविनो थॉमसनं रंगवलेला नायक जेसन हा कुरुक्कनमूला गावातला शिंपी. डोळे अमेरिकेकडे लागलेले, प्रेयसीचा बाप पोलिसात, तिचं लग्न भलत्याशीच ठरलेलं. त्यात अंगावर वीज पडते. मिन्नल म्हणजे वीजच. आपल्याकडे वीज पडली की तलाठी पंचनाम्याला येतो. इथे माणूस लुंगी सावरत वाऱ्यासारखा धावायला लागतो. या शक्तीचं करायचं काय, हे त्याला शाळकरी भाचा शिकवतो. (आमच्या घरी मोबाइलचं खातं असंच सांभाळलं जातं.)

शिंप्याच्या हाती एवढा वेग! मी सोफ्यावर ताठ बसलो. म्हटलं, “हा आपल्या गल्लीत हवा होता. दीड मिनिटात पँट!”

“शक्ती आली तरी तो बुधवारचाच वायदा करेल,” बायको म्हणाली.

इथवर मजा चालली होती. पण त्याच रात्री तीच वीज शिबूवरही पडलेली असते. शिबू चहाच्या दुकानात राबणारा, गावानं वेड्यात काढलेला. गुरू सोमसुंदरम या तमिळ नटानं तो असा केलाय, की नायकाचं नाव आठवायला मला क्षणभर थांबावं लागतं. उषासाठी हा गडी २८ वर्षं थांबलाय. ती परत येते ती आजारी मुलीला घेऊन, आणि त्या पोरीच्या उपचारासाठी हा बँक लुटतो. म्हणजे खलनायक! प्रेमभंग जेसनचाही झालेला आहेच. पण त्याला चिडवायला भाचा आहे, झापायला घरचे आहेत. शिबूला चिडवणारं अख्खं गाव, आणि घरचं कुणी नाही.

उषा अखेर ‘हो’ म्हणते, तेव्हा हा माणूस हसतो की रडतो, हे त्याचं त्यालाच कळत नाही. कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलत नाही. मलाही हलता येईना.

“डोळ्यांत काय गेलं?” बायकोनं विचारलं.

“सबटायटल्स फार बारीक आहेत.”

पुढे गाव काय करतं, ते सांगत नाही. शेवटची मारामारी मात्र जरा लांबलीच. माझा जीव मागेच, शिबूपाशी अडकला होता.

दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, “बुधवारी नक्की.” मी म्हटलं, “होऊ द्या सावकाश. माणसं २८-२८ वर्षं थांबतात.”

तो इतका घाबरला, की त्यानं लगबगीनं फळीवरून माझं कापड काढून दाखवलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.