आग फुकट, बंब विकत

गेल्या रविवारी स्नेह्यांच्या आग्रहास्तव आम्ही एका मिसळगृहात जाऊन बसलो, आणि जो मनुष्य घरच्या पोह्यांवर संतुष्ट आहे त्याने लोकाग्रहास बळी पडू नये, एवढे शहाणपण पदरात पाडून सव्वा तासाने बाहेर आलो. मिसळीविषयी आमची तक्रार नाही. ती जशी असावयाची तशीच होती, म्हणजे मटकी औषधापुरती, फरसाण सढळ, आणि त्यावर लाल तवंगाचा बोटभर थर. तक्रार आहे ती गल्ल्याच्या माथ्यावर, देवाच्या तसबिरीशेजारी, तितक्याच भक्तिभावाने टांगलेल्या एका फलकाविषयी. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘आयुर्वेद सांगतो, तिक्त रस दाह शमवितो, तहान भागवितो, ज्वर हटवितो व जंत मारतो. तेव्हा निःशंक मनाने झणझणीत खा!’

या फलकाच्या बरोबर खाली एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. त्यांचे कान जास्वंदीच्या रंगाचे झाले होते, टकलावर घाम तरारला होता, नाक रुमालात होते, आणि त्या रुमालाआडून ते समोरच्या मित्रास ‘काही विशेष तिखट नाही बुवा’ असे सांगत होते. दाह शमल्याची आणि तहान भागल्याची याहून बोलकी साक्ष कोणत्या दरबारात मिळाली असती? आमच्या समक्ष त्यांनी पाण्याचे चार पेले रिचविले, पाचवा मागविला, आणि तो येईपर्यंत फलकाकडे पाहत राहिले.

सारी गोम त्या ‘तिक्त’ शब्दात आहे. संस्कृतात तिक्त म्हणजे कडू आणि कटु म्हणजे तिखट. मराठीने कटूचा कडू केला, तिखटासाठी तीक्ष्णाचा वंशज घरात घेतला, आणि ही अदलाबदल आजवर गुण्यागोविंदाने चालत आली. ज्यांस शंका असेल त्यांनी त्रिकटू चूर्णाची पुडी उघडावी आणि सुंठ, मिरे व पिंपळी या तिघांपैकी कडू कोण ते आम्हांस कळवावे. तात्पर्य, फलककर्त्याने मिरचीच्या नावावर जे गुण चढविले ते कडुनिंबाचे आणि कारल्याचे आहेत. तिखटाचे म्हणून जे गुण आहेत तेही चरकसंहितेत नोंदलेले आहेत. तो रस मुख स्वच्छ करतो, अग्नी चेतवितो, अन्नास रुची आणतो. परंतु त्याचे अतिसेवन झाले असता दाह होतो, तृष्णा लागते, मूर्च्छा येते, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे कडू रस ज्या पीडा घालवितो, नेमक्या त्याच पीडा तिखटाच्या अतिरेकाने ओढवतात! त्यातही मौज अशी की, संहितेत मिरची असणेच शक्य नाही. ती अमेरिकेची, पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात या किनाऱ्यास लागली, मुंबईकडे ‘गोवाई मिरची’ म्हणून ओळखली गेली, आणि नावदेखील तिने घेतले ते मिरीवरून. देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यात मिरी होती, मिरची नव्हती. आपल्या जन्माआधीची सनद दाखवून वतन सांगणारे महाभाग पूर्वी पुष्कळ झाले. परंतु शेजाऱ्याच्या नावची, तीही जन्माआधीची, सनद पुढे करणारे वतनदार घराणे हे पहिलेच.

तेव्हापासून आमच्या मनात एक मुकदमा घोळत आहे. फिर्यादी कारले, वय बरेच, धंदा कडूपणा, राहणार मंडईचा ओस पडलेला कोपरा. प्रतिवादी मिरची, वय पाचशेच्या आतबाहेर, मूळ वतन सातासमुद्रापलीकडे, हल्ली मुक्काम सर्वत्र. फिर्यादीचे म्हणणे असे की, ज्वर हटविणे, दाह शमविणे व जंत मारणे ही आपली वडिलोपार्जित मिळकत प्रतिवादीने एका अक्षरसाधर्म्याचा फायदा घेऊन बळकावली असून, त्यामुळे आपल्याकडे मुले ढुंकूनही पाहत नाहीत. सबब मिळकतीचा ताबा नुकसानभरपाईसह मिळावा. यावर मिरचीने कैफियत दाखल केली ती मोठी मुद्देसूद आहे. ती म्हणते, हे गुण आपण मागितले नव्हते, ते एका हॉटेलवाल्याने परस्पर आपल्या खाती जमा केले. आपला अपराध असलाच तर एवढाच, की उष्णता साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर गेली असता ओरडण्यासाठी निसर्गाने जिभेवर जे पहारेकरी नेमले आहेत, त्यांस आपण खोटी वर्दी द्यावयास लावतो. प्रत्यक्षात कोठे काही जळत नाही. जठरातील व्रणाचा आळ आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या होता, परंतु फेरतपासात असे निष्पन्न झाले की त्यातील बहुतेक गुन्हे एका जंतूने आणि उठल्याबसल्या घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी केलेले आहेत. पुराव्यादाखल तिने 2015 साली प्रसिद्ध झालेली चीनमधील सुमारे पाच लाख माणसांची एक पाहणी जोडली. तीत आठवड्यातून एकदाही तिखट न खाणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका 14 टक्क्यांनी कमी आढळला. कारल्याच्या वकिलाने तत्काळ हरकत घेतली, की हे मिरचीमुळेच घडले असे खुद्द पाहणी करणाऱ्यांनीही म्हटलेले नाही, शिवाय ती माणसे फरसाण तेलाच्या तवंगात बुडवून खात होती असा कोठेही दाखला नाही. मुनसफांनी उभयपक्षांचे ऐकून तजवीज दिली ती अशी: मिरची निर्दोष, मात्र जेथे आम्लपित्त वा मूळव्याध बिऱ्हाडास आहे त्या घरी तिने पाऊल टाकू नये, असा मनाई हुकूम, मिळकत कारल्यास परत, आणि फलककर्त्याने एक महिनाभर रोज प्रातःकाळी कोर्टासमक्ष पेलाभर तिक्त रस प्राशन करावा, म्हणजे पुन्हा शब्दार्थाचा घोटाळा होणार नाही.

येथवर आम्ही हसत होतो. हसू मावळले ते पलीकडच्या मेजावर लक्ष गेले तेव्हा. तेथे सातआठ वर्षांचे एक पोर ताटलीपुढे बसून मुकाट्याने डोळे पुसत होते, आणि त्याचे तीर्थरूप त्याच्या वाटीत आणखी कट ओतीत म्हणत होते, ‘मर्दाचा पोर ना तू? रडतोस काय?’ मर्दपणाचा हा कारखाना कोणी काढला? उन्हात राबणारा शेतकरी कोरड्या भाकरीवर ठेचा घेतो तो घास उतरावा म्हणून. त्याने ठेच्यावरून कोणाच्या पुरुषार्थाचे मोजमाप केल्याचे आम्ही ऐकले नाही. कोल्हापूरकराच्या तिखटाचा गवगवा करणारे हे विसरतात की त्याने तांबड्या रश्श्याशेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी मांडली आहे. आणि ज्या संहितेचा हवाला हे फलकवाले देतात तिनेच तिखटाच्या अतिसेवनाने पुंस्त्वाची हानी होते असे स्वच्छ शब्दांत सांगून ठेवले आहे! हे वचन ठळक अक्षरांत टांगणारे एक तरी मिसळगृह आम्हांस दाखवा. मोठ्या माणसाने स्वतःच्या जिभेशी काय वाटेल तो दावा मांडावा; पण ज्यास ‘नको’ म्हणावयाची चोरी आहे अशा लेकराच्या तोंडात निखारा देऊन वर त्यास रडण्याचीही मनाई करणे, यास आमच्या लहानपणी छळ म्हणत असत, आणि शब्दकोशात त्याचा अर्थ अद्याप बदललेला नाही.

त्या पोरासाठी आम्ही वेटरास दही आणावयास सांगितले. त्याने विचारले, ‘एक्स्ट्रा?’ तेव्हा आमच्या ध्यानी आले की, या धंद्याचा सगळा हिशेब त्या एका शब्दात आहे. तिखटाचा दाहक अंश तेलातुपात विरघळतो, पाण्यात म्हणावा तसा विरघळत नाही. म्हणून पाण्याचे पाच पेले प्यायले तरी आग तोंडभर हिंडत राहते, आणि दुधादह्याचा एक घोट तीस आवरतो. आता दरपत्रक पाहावे. कट हवा तितका, फुकट. पाणी हवे तितके, फुकट. दही वाटीस तीस रुपये, आणि ताक वेगळे. जे जाळते ते सढळ हाताने, जे विझवीत नाही तेही सढळ हाताने, आणि जे खरोखर विझविते त्यास मात्र मोल! गावास आग लावून वेशीवर पाण्याच्या कावडी विकावयास बसणाऱ्या इसमास सरकार बेड्या घालते. येथे त्याच्या डोक्यावर आयुर्वेदाचा फलक असतो.

मिरची प्रकृतीस हितकर की अहितकर, असे वाचक आम्हांस वारंवार विचारतात. आमचे उत्तर असे, की उद्यापासून कटाच्या प्रत्येक वाटीस तीस रुपये आकारावेत आणि दही मागेल त्यास फुकट द्यावे. त्यानंतर किती मर्द दुसरी वाटी मागतात ते एक महिना मोजावे, आणि आकडा त्याच फलकावर लिहावा.