पाच दिवसांचे यजमान

चाकरमानी गावात पाय ठेवतो तो रस्त्याला शिव्या देतच. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून चौपदरी होतोय, त्यामुळे या शिव्यांनाही आता गणपतीच्या विधींत जागा मिळाली आहे. वडखळला किती तास गेले, माणगावात किती, कशेडीला चहा कसा पुचाट मिळाला, हे ओटीवर बसून, बूट न काढता सांगून होतं. रेल्वेने आलेल्याचं रडगाणं वेगळं. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता सुटलो. पण गणपतीचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि दूध उतू जायच्या आत संपतं. डोंबिवलीत चौघं चार मोबाईल घेऊन बसलो तरी वेटिंगच, हे आमचे दादा दरवर्षी नव्या चिडीने सांगतात.

दादा म्हणजे माझे चुलतभाऊ. मी गावातच असतो. त्यांच्या मते मी 'घर बघतो', आणि घर बघायला कितीसा वेळ लागतो? पावसाआधी कौलं परतायची, गणपतीच्या शाळेत पाट नेऊन द्यायचा, भिंतींना चुना काढायचा, माटवी बांधायची, त्यासाठी रान धुंडून कवंडाळं आणायची. हे सगळं आपोआप होतं अशी त्यांची श्रद्धा आहे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ते कमरेवर हात ठेवून माटवीकडे बघतात आणि म्हणतात, "असोलो नारळ वायच डावीकडे घे." मी घेतो. थोड्या वेळाने वहिनी तो उजवीकडे घ्यायला लावतात. मूर्तीकडे बघून त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "औंदा गणपती ल्हान झालो काय रे?"

दादांना गाव होता तसाच हवा असतो. "लाद्यो कित्याक घातलंस? शेणाची जमीन कशी थंडगार असायची!" हे ते त्याच लाद्यांवर उघड्या अंगाने लोळत, पंखा पाचवर ठेवून विचारतात. सारवणाचं त्यांना भारी प्रेम, पण सारवायला कोणी बसायचं हा विषय निघाला की त्यांना फोन येतो. फोनला रेंज मात्र मागच्या पडवीपर्यंत हवी. चुलीवरची भाकरी त्यांना स्वर्गाहून गोड लागते आणि धूर डोळ्यांत गेला की लगेच, "अजून गॅस नाय घेतलंस?" गॅस घेऊन बरीच वर्षं झाली. चूल त्यांच्यासाठीच पेटवलेली असते.

घरात त्यांच्या वाटणीची एक खोली आहे. तिला वर्षभर कुलूप. यंदा चावी डोंबिवलीत कपाटात राहिली. मग ते कुलूप तोडायला वाडीतले सात पुरुष जमले, त्यांतले पाच मुंबईचे, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. शेवटी आमच्या काकीने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि एका घावात कोयंडाच उखडला. कुलूप शाबूत राहिलं. दादांनी बाजारातून नवा कोयंडा आणला आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

तिसऱ्या दिवशी देवळात सभा. आमच्या वाडीला दोन मंडळं आहेत, एक गावचं आणि एक मुंबईचं. कामं गावचं मंडळ करतं, हिशेब मुंबईचं विचारतं. सभा देवळाच्या पत्र्यावरून सुरू झाली आणि कोणाच्या आजोबांनी कोणाचा बांध सरकवला इथपर्यंत गेली. दादा तावातावाने बोलत होते. सातबारावर आमची तेवीस नावं आहेत. त्यांतली हयात किती, हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही. तरी दादांना आपली हद्द आणि आपला फणस चोख ठाऊक. मात्र तो फणस यंदा किती लागला होता, हे ते मला भाद्रपदात विचारतात.

रात्री भजनाला बसले की मात्र हा माणूस निराळाच. मृदंगावर थाप पडली की डोळे मिटून असा सूर लावतात की सभेत त्यांच्याशी भांडलेले गृहस्थही टाळ घेऊन शेजारी येऊन बसतात. गजर संपेपर्यंत दोघांचं छान जमतं.

विसर्जनानंतर परतीची बांधाबांध. कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ, आठ नारळ, आणि वहिनींना कुंडीत लावायला अनंताची फांदी. "एवढ्या कित्याक देतंस?" असं म्हणत दादा पिशवीचं तोंड आणखी उघडून धरतात. खोलीला नवं कुलूप लागतं, चावी या वेळी आठवणीने खिशात जाते. "शिमग्याक येतंय," म्हणून रिक्षा सुटते.

गाडी चिपळूणला पोचली असेल, तेव्हा फोन आला.

"खोलीतलो पंखो बंद केलंय काय रे मी? जरा खिडकीतना बघ."

बघितलं. पंखा पाचवर फिरत होता. दिवाही चालू.

"चावी?"

"चावी माझ्याकडेच आसा."

घराचा मीटर एकच, तोही आजोबांच्या नावावर. दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग समजूतदारपणे म्हणाले, "बरा, बिल इला की कळव. माझ्या वाटणीचा मी देतलंय."