गजक मात्र मुरैन्याचीच

“मुरैना? अगं, नाताळच्या सुट्टीत माणसं पचमढीला जातात, कान्हाला जातात. मुरैन्याला कोण जातं?”

शेजारच्या काकूंनी मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप मधल्या भिंतीवर ठेवलं. डिसेंबरात आमच्या जबलपुरात घरोघरी मटार सोलले जातात. आणि मटार सोलायला बसलेल्या बाईच्या तावडीतून विषय सुटत नाही.

“तिकिटं काढून झालीत, काकू. महाकोशल एक्सप्रेस. संध्याकाळी इथं बसायचं, सकाळी ग्वाल्हेर.”

“ग्वाल्हेरपर्यंत माझं काही म्हणणं नाही. शिंद्यांचं गाव, गल्लोगल्ली आपली माणसं. पण पुढं चंबळचं बीहड! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

निघालं आमच्या चिरंजीवांच्या डोक्यातून. त्यानं ‘पानसिंग तोमर’ सिनेमा पाहिला. सैन्यातला स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता बागी, म्हणजे डाकू, कसा होतो आणि 1981 साली चकमकीत कसा मरतो, हे पडद्यावर पाहून त्याला त्या बीहडच्या दऱ्या बघायच्यात. ह्यांना लांब सोंडेसारख्या तोंडाच्या मगरी, म्हणजे घडियाल बघायचेत. मला काय बघायचंय, ते कुणी विचारलेलं नाही.

काकू झाशीच्या पुढं कधी गेलेल्या नाहीत, पण डाकूंवर त्यांचा अधिकार मोठा. फूलनदेवीनं 1983च्या फेब्रुवारीत भिंडला मुख्यमंत्री अर्जुनसिंहांसमोर बंदूक खाली ठेवली, पुढं ती खासदार झाली, हे सगळं त्यांना पाठ आहे. तरी त्यांच्या मते ती अजून तिथंच कुठंतरी टेकाडामागं बसलीय.

मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. “तुमच्या बैठकीत विनोबांचा फोटो आहे ना? ते 1960च्या मे महिन्यात त्याच दऱ्यांतून पायी फिरले. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग तुरुंगात होता, त्यानं निरोप धाडला म्हणून गेले. वीस जणांनी त्यांच्यापुढं शस्त्रं ठेवली. मग 1972च्या एप्रिलात जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाशजींसमोर मोहरसिंग, माधोसिंग, सगळे बडे डाकू आले.”

“विनोबांकडे लुटण्यासारखं काय होतं गं?”

यावर काय बोलणार! मी मटार सोलू लागले.

“आणि बघायचं तरी काय तिथं?” त्यांनी दुसरी मूठ माझ्याकडे सरकवली.

मला बघायचंय ते बटेश्वर. पडावलीजवळ प्रतिहारांच्या काळातली दोनशेच्या आसपास लहानमोठी मंदिरं होती, ती बहुतेक कोसळून दगडांचा ढीग झाला होता. 2005 पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मदांनी त्यातला कुठला दगड कुठल्या शिखराचा, हे हुडकून मंदिरं पुन्हा उभी करायला घेतली. तेव्हा त्या टापूत डाकू निर्भय गुज्जरची सत्ता. त्याच्या टोळीला विचारल्याशिवाय कामच सुरू होईना. गंमत पुढं आहे. डाकू गेले आणि दगडखाणवाले आले. त्यांच्या सुरुंगांनी उभी केलेली देवळं हादरायला लागली. डाकू होते तोवर या खाणवाल्यांची तिकडं फिरकायची छाती नव्हती म्हणे.

“शिवाय मितावलीला चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे. टेकडीवर, गोल, वर आभाळ उघडं.”

“मग भेडाघाटला काय वेगळं आहे? तेही गोल, त्यालाही पायऱ्या. रिक्षानं जा नि रिक्षानं ये.”

आता हे मात्र बिनतोड. फरक एवढाच, की आपल्याकडच्या योगिनी भंगलेल्या का होईना, बसल्या आहेत. तिथं त्या नाहीतच, ओवऱ्यांमध्ये पिंडी आहेत.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. चंबळला नावं कोण ठेवतंय, तर जबलपूरकर! ज्या गावात बसून इंग्रज अधिकारी स्लीमननं 1830च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला, जिथं रुमालानं गळे आवळणाऱ्यांना फासावर चढवलं आणि माफीच्या साक्षीदारांना तंबू नि सतरंज्या विणायला बसवलं, ते आपलं गाव. माझी पुण्याची जाऊ अजून विचारते, तुमच्याकडे रात्री बाहेर पडता येतं का? 1997च्या भूकंपानंतर तर तिच्या लेखी आम्ही गेलोच होतो. तिला मी हसते आणि काकूंना घाबरू देते, हे काही न्यायाला धरून नाही.

मी तसं बोलून दाखवलं. काकूंनी एक शेंग फोडली, आत कीड निघाली, ती भिरकावली.

“ठग गेले, डाकू गेले, मान्य. पण 2012 साली तो तरुण पोलिस अधिकारी गेला ना मुरैन्यात? दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवला म्हणून तोच अंगावर घातला. तो काय सिनेमा होता?”

नव्हता. काकूंचं ते खरं होतं आणि मी लगेच कबूल केलं. रेती-दगडांचे ट्रॅक्टर दिसले की आपण आपली गाडी बाजूला घ्यायची, अंधार पडायच्या आत ग्वाल्हेर गाठायचं, एवढं आमचं ठरलेलंच आहे. चंबळच्या राजघाटची नाव सकाळची. घडियाल थंडीत उन्हाला वाळूवर येऊन पडतात, ते तेव्हाच दिसतात. खांद्यावर बंदूक टाकून बाजाराला आलेली माणसं दिसतील, तर चिरंजीवांनी त्यांचे फोटो काढायचे नाहीत, हेही बजावून झालंय.

“किल्ली ठेव माझ्याकडे,” काकू सूप उचलत म्हणाल्या. “दूधवाल्याला मी सांगते. आणि मंगळसूत्र खोटं घालून जा.”

“बरं.”

“आणि गजक आण. तिळाची, गुळातली. ग्वाल्हेर स्टेशनवर मिळते ती नको हां, थेट मुरैन्याच्या बाजारात जाऊन घे. दोन किलो.”